चिलीचा गव्हाचा ‘किंमत-पट्टा’ : पार्श्वभूमी

चिलीने १९७९ पर्यंत जवळपास सगळ्या आयात मालावर सरसकट १० टक्के शुल्क आणून ठेवले होते. त्याच्या सहा वर्षे आधी हीच सरासरी ९० टक्क्यांवर होती. १९८२ च्या कर्जसंकटाने हे धोरण हादरले आणि गहू पिकवणारा शेतकरी भरडला गेला. बाजार खुलाच ठेवायचा, पण कोसळत्या जागतिक भावाचा धक्का शेतापर्यंत पोचू द्यायचा नाही, या खटपटीतून किंमत-पट्टा आला. १९८६ च्या कायद्यात तो गहू, गव्हाचे पीठ, साखर आणि खाद्यतेल यांच्यासाठी घातला गेला.

गव्हाची पद्धत अशी. मागील ६० महिन्यांचे जागतिक भाव उतरत्या क्रमाने लावायचे, वरचे आणि खालचे २५-२५ टक्के वगळायचे. उरलेल्यांतला सर्वांत चढा आणि सर्वांत उतरता भाव म्हणजे पट्ट्याच्या दोन कडा. आठवड्याचा संदर्भभाव (तुलनेसाठी धरलेला चालू जागतिक भाव) खालच्या कडेखाली गेला की नेहमीच्या शुल्कावर जादा शुल्क बसे. वरच्या कडेपलीकडे गेला की सूट मिळे.

नव्वदच्या दशकाअखेर भाव पडले आणि एकूण शुल्क चिलीने आंतरराष्ट्रीय करारात कबूल केलेल्या ३१.५ टक्क्यांच्या कमाल मर्यादेपलीकडे गेले. ऑक्टोबर २००० मध्ये अर्जेंटिनाने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. नोव्हेंबर २००१ मध्ये चिलीने कायदा बदलून ३१.५ टक्क्यांची मर्यादा पाळण्याची तरतूद केली, तरी वाद मिटला नाही. कारण तो आता एका शब्दाचा झाला होता.

संघटनेचा शेतीविषयक करार ‘सामान्य सीमाशुल्क’ चालवून घेतो. ‘बदलते आयात शुल्क’ (जागतिक भावाप्रमाणे आपोआप बदलणारे) आणि ‘किमान आयात किंमत’ (जिच्याखाली माल देशात येऊच देत नाहीत) मात्र त्याच्या एका तळटीपेत निषिद्ध ठरवली आहेत. चिली म्हणे, आमचे सामान्य शुल्कच आहे, फक्त त्याचा आकडा सूत्राने निघतो. शिवाय करार होताना पट्टा सर्वांना ठाऊक होता आणि तो मोडा, असे कुणी म्हटले नव्हते. हा युक्तिवाद मला आजही वजनदार वाटतो. पण सूत्रातच खोट होती, हेही मान्य केले पाहिजे. कडा ठरवताना भाडे-विम्यासह नेहमीचा आयातखर्च धरला जाई. संदर्भभाव मात्र जहाजावर माल चढवतानाचा, तोही संबंधित बाजारांतला सर्वांत कमी. आंबा सालीसकट तोलायचा आणि तुलनेला नुसता गर घ्यायचा, तसे हे झाले. फरक आपोआप फुगे. त्यात आयातखर्च कसा मोजला, हे कुठेच प्रसिद्ध नव्हते, त्यामुळे व्यापाऱ्याला उद्याच्या शुल्काचा अंदाज बांधता येत नसे. सप्टेंबर २००२ मध्ये अपिलातही निकाल चिलीविरुद्ध गेला, तो यातल्या कुठल्या एका दोषामुळे नव्हे, तर या सगळ्यांच्या एकत्रित परिणामामुळे.

२००३ च्या नव्या कायद्याने खाद्यतेल वगळले आणि गव्हाच्या कडा टनाला १२८ आणि १४८ डॉलर अशा ठरवून दिल्या. २००७ नंतर त्या दरवर्षी थोड्या खाली यायच्या होत्या. मे २००७ मध्ये ही रचनाही नियमबाह्य ठरली. त्याच वर्षी जागतिक गहू १४८ डॉलरच्या कितीतरी वर गेला आणि जादा शुल्क लावण्याची वेळच उरली नाही.