वकीलपत्र आणि वकिलाचे कार्यालयांतर

वकील एका कार्यालयातून बाहेर पडून दुसरीकडे गेला किंवा त्याने स्वतःचे ऑफिस थाटले, तर चालू कामांबाबत अशिलाप्रती त्याची आणि मागे राहिलेल्या वकिलाची जी कर्तव्ये उरतात, त्यांची ही नोंद. सातारा-सांगलीकडे वकिली मुख्यतः सीनिअरच्या ऑफिसातून चालते. त्यामुळे येथे हा प्रश्न बहुधा ‘ज्युनिअर बाहेर पडला’ या रूपात उभा राहतो.

‘वकील’ आणि ‘अशील’ हे दोन्ही शब्द मूळ अरबी, फार्सीमार्गे मराठीत रुळलेले. अशील म्हणजे मूळ धनी. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो. मराठेशाहीत वकील हा प्रामुख्याने दरबारी दूत असे. न्यायसभेपुढे वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहत, राजीनामा (निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली) व जामीन देत, तकरीर म्हणजे आपले म्हणणे लिहून देत. सातार्‍यालगतच्या क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांच्या काळातील निवाडपत्रांतही (निकालाच्या लेखांतही) बोलतो तो पक्षकारच. मुतालिक (प्रतिनिधी कारभारी) किंवा नातलग दुसर्‍याच्या वतीने हजर राहत, त्यात काही जण वकिलीचे बीज पाहतात. परंतु फी घेऊन अनेकांची कामे चालवणारा सनदधारक वर्ग मुंबई इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या रेग्युलेशनांनंतर (कायद्यांनंतर), ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

कार्यालयांतरासाठी भारतात वेगळा नियम नाही. वकील अधिनियम, १९६१ खालील बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आणि दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ यांतून कर्तव्ये वेचावी लागतात. संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकीलपत्र (अशिलाने वकिलाला दिलेला लेखी अधिकार) कोर्टाच्या परवानगीने लेखी संपवेपर्यंत, अशील किंवा वकील मरण पावेपर्यंत, अथवा त्या अशिलापुरते काम संपेपर्यंत अमलात राहते. ते ऑफिसच्या पाटीला दिलेले नसते, त्यावर सही करून काम स्वीकारणार्‍या व्यक्तीला दिलेले असते. सीनिअर-ज्युनिअर दोघांचीही नावे असतील, तर ज्युनिअरने टेबल बदलल्याने त्याचे नाव आपोआप गळत नाही. शिवाय नियम ५ नुसार वकिलावर बजावलेली नोटीस अशिलाला पोचली असे गृहीत धरले जाते. वाटपाच्या दाव्यातील शेतकर्‍याला ‘साहेब बघताहेत’ एवढेच ठाऊक असते. नोटीस जुन्या ऑफिसच्या टेबलावर पडून राहते आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्याची मुदत सामान्यतः हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची आहे. म्हणून सोडून जाणार्‍याने पुढच्या तारखा अशिलाला लेखी कळवणे हे पहिले कर्तव्य मानावे.

पुरेसे कारण आणि वाजवी नोटीस असल्याखेरीज वकिलाने काम सोडू नये, सोडल्यास न कमावलेली फी परत करावी, असे बार कौन्सिलच्या नियमांपैकी नियम १२ सांगतो (पुढचे नियम-क्रमांकही त्यांतलेच). नियम ३६ कामासाठी याचना करण्यास मनाई करतो. ‘मी बाहेर पडलो’ हे पत्रही याचनाच, असे कडक मत असणारे वकील आहेत. तथापि नियम १२ ची नोटीस अशिलाला कळवल्याशिवाय पुरी होऊच शकत नाही. तेव्हा नवा पत्ता, पुढची तारीख आणि ‘कोणाकडे काम ठेवायचे ते आपण ठरवा’ एवढाच मजकूर असेल तर दोष नसावा. अमेरिकन बार असोसिएशनच्या २०१९ च्या मत क्रमांक ४८९ चा रोखही अशिलाला वेळेवर कळवण्यावर आणि निवड त्याच्यावर सोपवण्यावर आहे.

नवा वकील नेमताना आधीच्याची संमती लागते (नियम ३९). नव्या वकीलपत्राच्या कडेला ‘ना हरकत’ लिहून, सही-तारीख घालून ती दिली जाते. ती मिळाली नाही, तर कारण सांगून कोर्टाची परवानगी मागता येते.

सर्वाधिक वाद फाईलवरून होतो. हळदीच्या व्यापार्‍याच्या न वटलेल्या चेकच्या केसमध्ये मूळ चेक आणि तो परत आल्याचा बँकेचा मेमो फाईलमध्येच असतात. फीसाठी ती अडवली तर पुरावाच अडतो. करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मध्ये हायकोर्टाच्या अ‍ॅटर्नींना (म्हणजे सॉलिसिटरांना) ताब्यात दिलेला माल बाकीपोटी अडवण्याचा हक्क आहे. फाईल अडवण्याची समजूत बहुधा मुंबईच्या सॉलिसिटरांच्या वहिवाटीतून मुफसलात (मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत) उतरली असावी. अ‍ॅटर्नी हा वर्गच वकील अधिनियमाच्या १९७६ च्या दुरुस्तीने संपला. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा (२०००) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खटल्याची कागदपत्रे ‘माल’ नव्हेत, ती फीसाठी अडवणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे ठरवले. फीसाठी वेगळी दाद मागावी. या मुद्द्यावर आता दुमताला जागा नाही, आणि एखाद्या म्हातार्‍या अशिलाला मूळ खरेदीखतासाठी जिने चढायला लावणे कोणत्याही बाकीने समर्थनीय ठरत नाही.

गुप्ततेचे बंधन काम संपल्यावरही राहते. साक्ष कायद्याच्या कलम १२६ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. ज्या कामात पूर्वी सल्ला दिला किंवा कैफियत (लेखी म्हणणे) लिहिली, त्यात विरुद्ध बाजूने उभे राहण्यास नियम ३३ मनाई करतो. सांगलीसारख्या ठिकाणी दोन्ही ऑफिसे एकाच बाररूममध्ये बसतात, तेथे हा नियम विशेष जपावा लागतो.

मुंबई हायकोर्टाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. सातारा व सांगली त्याच्या कक्षेत येतात. मुंबईच्या वकिलाऐवजी कोल्हापुरात वकील नेमणार्‍या अपीलकर्त्यालाही ना हरकत आणि फाईल हेच दोन टप्पे ओलांडावे लागतात.