मागच्या चाकातली टिकटिक

तीन गिअरची जुनी सायकल दुरुस्तीला घेतली की मी लगेच पाना उचलत नाही. आधी मागचं चाक जमिनीपासून वर धरतो, पायडल फिरवतो आणि कान देतो. आतून बारीक टिकटिक आली की निम्मी काळजी मिटते. पायडल फिरूनही चाक ढिम्म राहिलं, तरी ‘गिअर गेला’ असं म्हणायची घाई करू नये. आतले पोलादी दाते सहसा शाबूत असतात. बिघडलेलं असतं ते तेल.

मी बोलतोय ते स्टर्मी-आर्चरच्या एडब्ल्यू हबबद्दल, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध बसणाऱ्या, तिन्ही गिअर पोटात असलेल्या भागाबद्दल. ही कंपनी १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला सुरू झाली. एडब्ल्यू आला १९३०च्या दशकात आणि पुढे कित्येक दशकं सायकलींना बसत राहिला. त्याच्या कवचावर बहुधा वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ‘५८’ आणि ‘३’ दिसलं, तर हब मार्च १९५८चा.

कवचाच्या आत एक छोटी ग्रहमाला आहे. मधोमध २० दात्यांचं सूर्यचक्र, एक्सलला पक्कं, म्हणून कधीच न फिरणारं. त्याच्याभोवती एका पिंजऱ्यात बसवलेली चार ग्रहचक्रं, प्रत्येकी २० दात्यांची. या सगळ्यांना वेढणारं वलय, आतल्या बाजूने ६० दाते असलेलं.

आता रस्त्यावरून जाणारं सायकलचं चाक डोळ्यांसमोर आणा. ज्या क्षणी त्याचा तळ रस्त्याला टेकतो, त्या क्षणी तो बिंदू स्थिर असतो. मधला एक्सल सायकलच्या वेगाने पुढे जातो आणि चाकाचा माथा त्याच्या दुप्पट वेगाने. हबमध्ये हेच घडतं, फक्त इथे ‘रस्ता’ म्हणजे सूर्यचक्र. ग्रहचक्र त्याच्यावरून लोळत जातं आणि त्याची बाहेरची कड वलयाला दुप्पट वेगाने ढकलते. सूर्यचक्राची त्रिज्या १ धरली, तर ग्रहाचं केंद्र २ अंतरावर येतं आणि वलयाचे दाते ३ अंतरावर. वेग दुप्पट, पण अंतर दीडपट. म्हणून पिंजऱ्याचे तीन फेरे होतात तेव्हा वलयाचे चार होतात. ४:३ हे प्रमाण दात्यांतच कोरलेलं आहे. कितीही वर्षं गेली तरी ते बदलत नाही, आणि मला या यंत्राचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच आहे.

तिन्ही गिअर याच एका प्रमाणातून निघतात. साखळीचा जोर पिंजऱ्याला देऊन वलयाकडून चाक फिरवलं, की वेग ४/३ पट होतो. हा तिसरा गिअर. जोर वलयाला देऊन पिंजऱ्याकडून चाक फिरवलं, की तो ३/४ होतो. हा चढाचा पहिला. वलयाला दिलेला जोर थेट वलयाकडूनच घेतला, तर दुसरा. पुढे ४६ दाते, मागे १८ आणि २६ इंची चाक असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पहिल्यात सुमारे ४ मीटर जाते, दुसऱ्यात ५.३ आणि तिसऱ्यात ७.१ मीटर.

मग टिकटिक कुठून येते? वलयावर आणि पिंजऱ्यावर स्प्रिंगने उचललेले छोटे खटके असतात. कवचाच्या आतल्या खाचांत अडकून ते चाक ओढतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कवच वलयाबरोबर फिरतं आणि पिंजरा मागे पडतो, म्हणून त्याचे खटके खाचांवरून घसरत वाजतात. पहिल्यात पिंजराच चाक ओढतो आणि वलयाचे खटके आत दाबून ठेवलेले असतात, म्हणून पायडल मारताना हब गप्प. न उघडता आतलं कळतं ते असं.

खटक्यांच्या स्प्रिंग केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि चिकट, तपकिरी लुकण तयार होतं. खाद्यतेल घातलं असेल तर हे फार लवकर होतं. त्या लुकणात खटका दबलेलाच राहतो. त्यावर उपाय रॉकेलची आंघोळ आणि जुना टूथब्रश. खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको. खटका बोटाने दाबून सोडावा. टुणकन वर आला पाहिजे. सुस्तावला तर पुन्हा रॉकेल. नंतर खटक्यांना पातळ यंत्रतेलच द्यावं. ग्रीस फक्त छर्‍यांना, कारण घट्ट ग्रीसही त्या स्प्रिंगला जड होतं.

उघडण्याआधी एक खूण मात्र नक्की करावी. उजव्या बाजूच्या छर्‍यांच्या कड्याला दुहेरी आटे असतात, त्यामुळे ते दोन जागी बसू शकतं. चुकीच्या जागी बसलं तर सरळ केलेलं चाक लंगडू शकतं. जोडताना उजवीकडचा कोन, म्हणजे छऱ्यांना दाबणारा शंकूसारखा नट, हाताने घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यावा. बाकीची ढिलाई डावीकडून काढावी.

खरी झीज शोधायची ती क्लचवर, म्हणजे साखळीचा जोर वलयाला द्यायचा की पिंजऱ्याला हे ठरवणाऱ्या भागावर. चार हातांच्या या फुलीच्या कडा धारदार हव्यात. त्या गोलावल्या असतील तर जोर देताच गिअर निसटेल, आणि तिथे साफसफाई उपयोगाची नाही, भाग बदलावाच लागतो.

शेवटी गिअरची वायर. ती सैल सोडली की स्प्रिंग क्लचला तिसऱ्या गिअरमध्ये ढकलते, म्हणून वायर तुटलेली सायकल कायम तिसऱ्यातच चालते. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे मात्र एक जागा अशी आहे, जिथे क्लच कशालाच धरत नाही. उभं राहून पायडल मारताना वायर चुकीची असेल, तर पाय एकदम पोकळीत जातो आणि माणूस दांड्यावर आदळतो. म्हणून हँडलवरची गिअरची कळ दुसऱ्यात ठेवून उजव्या नटच्या बाजूच्या भोकातून आत पाहावं: वायरच्या छोट्या साखळीला जोडलेल्या कांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी अगदी एका पातळीत हवं. तिथे वायर पक्की करून चाक पुन्हा उचलावं आणि गिअर एकेक करून पाहावेत. तिसऱ्यात टिकटिक, दुसऱ्यात टिकटिक, पहिल्यात शांतता.