केरामोस: भाजलेल्या मातीचं ग्रीक नाव

बाथरूमच्या टाइल्सना आपण सर्रास ‘सिरॅमिक’ म्हणतो. हा शब्द आला प्राचीन ग्रीक ‘केरामोस’वरून. केरामोस म्हणजे कुंभाराची माती. त्या मातीचा रांजण आणि छपरावरचं कौल, हेसुद्धा केरामोसच. पायाखालच्या चिखलाला ग्रीकांकडे ‘पेलोस’ हा वेगळा शब्द होता. अथेन्सचा कुंभारवाडा तो केरामेइकोस, आणि शहराचा तो भाग आजही याच नावाने ओळखला जातो.

कच्च्या मातीत पाणी दोन प्रकारचं असतं. कणांमधलं पाणी उन्हात उडून जातं, पण अशी वाळलेली वीट भिजली की पुन्हा चिखल होते. खनिजाच्या रचनेतच बांधलेलं पाणी मात्र भट्टीत साधारण 500 ते 600 अंश सेल्सियसला सुटतं. ते एकदा गेलं की खापर कितीही भिजवा, त्याचा चिखल होत नाही.

अथेन्सच्या कुंभारांनी या भट्टीकडून जे काम करून घेतलं, ते मला रसायनशास्त्रातलं मोठं कर्तृत्व वाटतं. इसवी सनपूर्व सहाव्या-पाचव्या शतकांतल्या त्यांच्या लाल-काळ्या भांड्यांवरचा चकचकीत काळा भाग रंगाचा नाही. लोहयुक्त माती पाण्यात कालवायची, जाड कण तळाशी बसू द्यायचे आणि वर तरंगणाऱ्या अतिबारीक कणांच्या लगद्याने चित्र काढायचं. मग भट्टी. आधी हवा खेळती ठेवली की सगळं भांडं लाल होतं. नंतर झरोके बंद करून ओली लाकडं घालायची. ऑक्सिजन कमी पडतो, तांबडा लोह ऑक्साइड काळा होतो आणि 900 अंशांच्या आसपास बारीक लगदा वितळून काचेसारखा घट्ट होतो. शेवटी झरोके पुन्हा उघडायचे. सच्छिद्र भांड्यात हवा शिरते, ते परत लाल होतं. काचेसारख्या थरात ती शिरतच नाही, म्हणून तो काळाच राहतो. तापमापक नसताना हे सगळं ज्वाळेच्या रंगावरून आणि अनुभवावरून साधलेलं!

आज सिरॅमिकमध्ये माती असलीच पाहिजे असं नाही. 1986 मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांना ज्यात अतिवाहकता (विरोधाशिवाय वीज वाहणं) सापडली, ते सिरॅमिक लँथॅनम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडचं होतं. इलियड या ग्रीक महाकाव्यातही युद्धदेव आरेसला तेरा महिने कोंडून ठेवलं जातं ते एका केरामोसमध्ये, आणि तो केरामोस काशाचा आहे.