गर्भधारणेची इच्छा आणि बाळंतपणातल्या आरोग्यसेवेचा वापर

दिवस राहिले तेव्हा बाईला मूल हवं होतं का, आणि हवं होतं तर तेव्हाच की थोडं थांबून, याला गर्भधारणेची इच्छा म्हणतात. बऱ्याच देशांत घरोघरी होणाऱ्या डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्याची पाहणी) सर्व्हेत आईला हेच विचारतात, उत्तरं तीनच: तेव्हाच हवं होतं, नंतर हवं होतं, आणखी मूल नकोच होतं. शेवटची दोन्ही अनियोजित धरतात. 2015 ते 2019 मध्ये जगात दरवर्षी अंदाजे 12 कोटी 10 लाख गर्भधारणा अशा होत्या, म्हणजे एकूणातल्या जवळपास निम्म्या, आणि त्यातल्या साधारण 61 टक्क्यांचा शेवट गर्भपातात झाला. बाकीच्यांपैकी बहुतेक बायका बाळंतपणापर्यंत जातात, त्यांना सेवा कितपत मिळते हा खरा प्रश्न.

फरक सगळ्यात जास्त दिसतो तो पहिल्या चेकअपला. जिला मूल हवंय ती तारखेवर लक्ष ठेवून असते, पाळी चुकली की लगेच टेस्ट करते. जिच्या ध्यानीमनी नसतं ती पाळी मागेपुढे झाली असेल म्हणून थांबते, मग कळल्यावर ठेवायचं की नाही यात आठवडे जातात, घरी सांगायची धास्ती वेगळीच, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत चौथा महिना लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून किमान 8 भेटी सांगते (आधी 4 होत्या), त्यातली पहिली 12 आठवड्यांच्या आत, म्हणजे ती हुकलीच. फॉलिक ॲसिडचं तर आणखी अवघड, रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या आधीपासून हवी, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, आणि तोवर अनेकींना आपल्याला दिवस गेलेत हेच माहीत नसतं.

डिलिव्हरी दवाखान्यात होते का, याबद्दल मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एकदा कळा सुरू झाल्या की अंतर, पैसे, गाडी यावरच बरंच ठरतं.

शिवाय नको असलेली गर्भधारणा बऱ्याचदा आधीच तीन-चार मुलं असलेल्या बाईची असते, आणि अशा बायका एरवीही चेकअपला कमीच जातात. शिक्षण, उत्पन्न, मुलांची संख्या हिशोबात धरली की फरक कमी होतो, कधी उरतही नाही. म्हणून "तिला नको होतं म्हणून तिने हेळसांड केली" असं म्हणणं अन्यायाचं आहे.

मोजमापातही गोची आहे. प्रश्न बाळ झाल्यावर विचारतात, आणि मांडीवर खेळणाऱ्या लेकराबद्दल "हे नको होतं" कोण म्हणेल? 2004 मध्ये आलेल्या लंडन मेझर ऑफ अनप्लॅन्ड प्रेग्नन्सी या प्रश्नावलीत गर्भनिरोधक वापरलं का, जोडीदाराशी बोलणं झालं होतं का, अशा 6 प्रश्नांवर 0 ते 12 गुण देतात, आणि 4 ते 9 म्हणजे धड हवंही नाही, नकोही नाही. मला हे जास्त खरं वाटतं, कितीतरी जणींचं मन तसंच असतं.

नवऱ्याला मूल हवं होतं का हेही बघायला हवं, खर्च आणि सोबत अनेकदा त्याच्याच हातात असते. बाळंतपणानंतरची तपासणी चुकली तर गर्भनिरोधकाचा सल्लाही राहून जातो, आणि पुढचे दिवसही न ठरवताच राहण्याचा धोका वाढतो.