सार्वजनिक जागा आणि थांबण्याचा हक्क

चौक, बागा, पदपथ यांच्यावरून झालेली भांडणं चाळली, तर वाद सहसा थांबण्यावरून पेटलेला दिसतो. येणारा-जाणारा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बसलेला, रेंगाळलेला, आडवा झालेला माणूस येतो. कोणी थांबायचं, किती वेळ आणि कशासाठी, याची उत्तरं गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांना फार वेगवेगळी मिळाली आहेत.

एकोणिसाव्या शतकात औद्योगिक शहरांनी सार्वजनिक बागा उभारल्या, त्या गरिबांना मोकळी हवा मिळावी म्हणून, आणि त्यांनी वरच्या वर्गासारखं वागायला शिकावं म्हणूनही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या. त्या जमिनीवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. सुमारे २२५ माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, काही आयरिश. अनेकांची स्वतःच्या मालकीची घरं, वस्तीची स्वतःची चर्च आणि शाळा. १८५७ मध्ये ती उठवली गेली. बाग खुली झाल्यावर हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, घोळक्याने सहली काढायच्या नाहीत, असे नियम लागले. कामगाराला सुट्टी रविवारी, आणि बागेतलं संगीत मात्र बरीच वर्षं शनिवारी. हे वेळापत्रक कोणाच्या सोयीचं होतं ते कळायला वेगळी पाटी लागत नाही.

स्त्रियांना थांबू न देणारी गोष्ट फार साधी होती: स्वच्छतागृहाचा अभाव. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी एक पेनी घेऊन स्वच्छतागृहं चालवली आणि आठ लाखांवर लोकांनी ती वापरली. पुढे शहरात जी बांधली गेली, त्यांतली बहुतेक पुरुषांसाठी. घराबाहेर किती वेळ काढायचा याचा हिशेब बाईला निघतानाच करावा लागे. १९०० च्या सुमारास लंडनच्याच कॅम्डन भागात स्त्रियांसाठी एक बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा चाचणी म्हणून रस्त्यात लाकडी सांगाडा उभा केला. वाहतुकीला किती अडथळा होतो हे सिद्ध करायला घोडागाड्या मुद्दाम त्यावर नेऊन आपटल्या गेल्या. तिथल्या स्थानिक मंडळाचे सदस्य असलेले नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी प्रस्तावाची बाजू लावून धरली, तरी काम व्हायला काही वर्षं गेलीच.

रंगाच्या बाबतीत आडपडदा नव्हता, बंदी थेट कायद्यातच होती. दक्षिण आफ्रिकेच्या १९५३ च्या कायद्याने बाकं, बागा, समुद्रकिनारे वेगळे करायला मोकळीक दिली आणि वेगळ्या सोयी समान असण्याची गरज नाही, हेही लिहून टाकलं. तो १९९० मध्ये रद्द झाला. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत बागा सर्वांना खुल्या करा म्हणून न्यायालयात दावा गेला, तर शहराने १९५९ मध्ये सगळ्या बागाच बंद करून टाकल्या, गोऱ्यांसकट सर्वांना. नियम खुला आणि वहिवाट बंद, असाही प्रकार असतो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष पाणी घेतलं गेलं ते २० मार्च १९२७ ला, आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उठायला १९३७ उजाडलं.

थांबायला बंदी असेल तर चालूनही ती मोडता येते. ३० एप्रिल १९७७ ला बेपत्ता मुलांच्या आया अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. लष्करी राजवट, जमावबंदी. पोलिसांनी 'चालत्या व्हा' म्हणून दटावलं. त्या खरोखरच चालत्या झाल्या: दोघी-दोघी मिळून, चौकातल्या स्तंभाभोवती. पुढे वर्षानुवर्षं, दर गुरुवारी.

त्याच दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून लोक नेमके कुठे टेकतात ते टिपलं. बसायला जागा असते तिथे लोक बसतात, इतका सरळ निष्कर्ष निघाला. खुर्ची हलवता येत असेल, तर माणूस बसण्याआधी ती जराशी तरी सरकवतोच, गरज नसली तरी. आणि जागा चांगली आहे का हे ओळखायचं तर तिथे बायका किती आहेत ते बघावं. हा निकष मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो.

त्यांनी पाहिलेले बरेचसे चौक खासगी मालकीचे होते, बिल्डरांनी जादा बांधकामाच्या बदल्यात लोकांसाठी सोडलेले. न्यूयॉर्कमधलंच झुकोटी पार्कही असंच खासगी. २०११ मध्ये आर्थिक विषमतेविरुद्धचे 'ऑक्युपाय' आंदोलक तिथे जवळपास दोन महिने राहू शकले, कारण महापालिकेच्या बागा रात्री बंद होतात, तर या जागेला चोवीस तास खुलं राहण्याची अट होती!

व्हिएन्नात नव्वदच्या दशकात बागांची पाहणी झाली, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली तिथून गळत जातात असं आढळलं. मोठ्या मैदानाचा ताबा मुलगे घेत, मुली वाद न घालता निघून जात. १९९९ मध्ये दोन बागांची मांडणी बदलली: मोकळ्या मैदानाचे लहान भाग, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलला जागा, जास्त वाटा. मुली परत येऊ लागल्या, त्यासाठी मुलग्यांना हटकावं लागलं नाही.

मांडणीने माणूस घालवताही येतो. कॅम्डनमध्येच २०१२ मध्ये काँक्रीटचा एक बाक आला, उतरत्या कडांचा. त्यावर आडवं होता येत नाही, स्केटबोर्ड घासता येत नाही, त्यात काही लपवता येत नाही. पाठ टेकायलाही काही नाही, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचीही पंचाईत. अमेरिकेतल्या ग्रँट्स पास शहराचा नियम याहून पुढे गेला: सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणं म्हणजे तळ ठोकणं, आणि त्याला दंड. निवाऱ्यात जागा नसली तरी असा दंड करता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ ला ६ विरुद्ध ३ मतांनी दिला. महिन्याभरातच कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी सरकारी जमिनीवरचे बेघरांचे तंबू हटवण्याचा आदेश काढला.