गरोदर बाई अन् लहान लेकराचा आहार + मातृ वंदनाचे पैसे: नाव कुठं टाकायचं, कागदं कोणते लागतात

आपल्याकडे दिवस गेले की पहिले तीन-चार महिने कोणाला सांगत नाहीत, नजर लागते म्हणे. घरात ठेवा लपवून, पण आशाताईला तरी सांगा बाप्पा, कारण सरकारी कागदावरच्या बहुतेक गोष्टी शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजल्या जातात आणि नोंदणी 12 आठवड्यांच्या आत झाली तर पुढचं सगळं सोपं जातं. सातव्या महिन्यात नाव टाकलं तर पैसे कदाचित मिळतीलही, पण मधले आहाराचे अन् तपासणीचे महिने गेले ते गेलेच.

आता खूप जण गडबड करतात ते इथं. आहार वेगळा आणि पैसे वेगळे. आहार अंगणवाडीतून, पैसे प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून. एकात नाव आहे म्हणजे दुसऱ्यात आपोआप आलं असं नाही.

आधी आहाराचं पाहू, कारण माझ्या मते तेच जास्त कामाचं आहे. गरोदर बाई, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजणारी आई, आणि 6 महिने ते 6 वर्षांचं लेकरू, एवढ्यांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. इथं उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला नाही, बीपीएल नाही, काहीच नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्कच दिलाय, त्यामुळं "तुमचं नाव बसत नाही" असं कोणी म्हटलं तर काहून बसत नाही ते विचारा. गरोदर अन् स्तनदा बाईला दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रोटीन, साध्या लेकराला 500 कॅलरी, अति कुपोषित लेकराला 800 असा हिशोब धरलेला आहे. तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना आणि बायांना घरी न्यायचा आहार म्हणजे टीएचआर, तीन ते सहावाल्यांना अंगणवाडीतच गरम ताजं जेवण.

नाव टाकायला लागतं काय तर आईचं आधार, मोबाईल नंबर आणि माता-बाल कार्ड (तपासण्या अन् लसी लिहितात ते). लेकराचं आधार नसलं तरी चालते, आईच्या आधारवर नोंद होते, त्यामुळं आधार काढायसाठी सहा महिने थांबू नका. अंगणवाडीताई ही नोंद पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये करते. जुलै 2025 पासून टीएचआर देताना त्या ॲपमध्ये बाईचा चेहरा जुळवावा लागतो, म्हणजे पहिले एकदा ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं, मोबाईलवर ओटीपी येते) आणि मग दर वेळी फोटो. सासूला पिशवी देऊन पाठवलं अन् काम झालं, तसं आता राहिलं नाही. कापूस वेचणीच्या सीझनमध्ये बाई पहाटे वावरात गेली, घरी आली तर अंगणवाडी बंद, मग चेहरा जुळवणार कधी? ताईला आदल्या दिवशी सांगून वेळ ठरवून घ्या, आणि आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या खिशात पुण्याला कंपनीत गेलेला असंल तर ओटीपी कोण सांगणार, तेही पहिले पाहून ठेवा.

पाकिटाच्या चवीबद्दल लोकं बोलतात, बकरीला टाकतात, कोंबड्यांना टाकतात, सगळं माहीत आहे. चव नसंल तर गूळ टाका, फोडणी द्या, पण बाईच्या वाट्याचं बाईनंच खाल्लं पाहिजे, चार माणसांत वाटलं तर त्या 600 कॅलरीचा काही अर्थ राहत नाही.

गडचिरोली, मेळघाट आणि बाकी आदिवासी भागातल्या गावांसाठी याच्या वरून डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, 2015 पासून. त्यात गरोदर अन् स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण जेवण, आणि 7 महिने ते 6 वर्षांच्या लेकरांना अंडी किंवा केळी. वेगळा फॉर्म भरायचा नाही, गाव यादीत असलं पाहिजे अन् अंगणवाडीत नाव पाहिजे, बस.

माहेरी बाळंतपणाला गेलेल्या पोरींचं नेहमी अडकते. नाव सासरच्या अंगणवाडीत, पोरगी माहेरी. ट्रॅकरमध्ये नाव दुसऱ्या अंगणवाडीत पाठवता येते, फक्त निघायच्या आधी सासरच्या ताईला सांगायचं आणि माता-बाल कार्ड सोबत न्यायचं. होळीनंतर किंवा दिवाळीनंतर जे घरदार घेऊन कामाला बाहेर जातात त्यांनाही हेच.

आता पैशाचं. मातृ वंदना योजना जानेवारी 2017 पासून आहे, पण एप्रिल 2022 पासून नियम बदललेत, आणि जुने तीन हप्तेवाले मेसेज अजून व्हॉट्सॲपवर फिरतात, ते सोडा. आता पहिल्या अपत्याला 5000 रुपये, दोन हप्त्यांत. पहिला 3000 चा, गरोदरपणाची नोंदणी आणि पहिल्या सहा महिन्यांत किमान एक तपासणी झाली की. दुसरा 2000 चा, बाळाची जन्मनोंदणी झाली आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या (14 आठवड्यांच्या) लसी पूर्ण झाल्या की. दुसरं अपत्य मुलगी असंल तर 6000 एकाच वेळी. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. गर्भपात झाला किंवा बाळ मेलेलं जन्मलं तर पुढच्या खेपेला ती बाई नव्यानं पात्र धरतात, हे बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही.

इथं मात्र पात्रता आहे. पुढच्यापैकी कोणतंही एकच पुरते: एससी किंवा एसटी असणं, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व, बीपीएल कार्ड, अन्न सुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बाईच्या स्वतःच्या नावानं पीएम किसान, किंवा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत. अंगणवाडीताई, मदतनीस, आशाताई स्वतः गरोदर असल्या तर त्याही बसतात. खेड्यातल्या बहुतेक घरात यातलं जॉबकार्ड नाहीतर रेशनकार्ड निघतेच, तर उगाच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारू नका. सरकारी नोकरीवाल्या बायांना नाही. वय कमीत कमी 18 वर्षं 7 महिने पाहिजे.

कागदं: बाईचं आधार, वरच्यापैकी एक पुरावा, माता-बाल कार्ड (त्यावर शेवटच्या पाळीची तारीख आणि आरसीएच नंबर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदणीचा नंबर, नीट लिहिलाय का पाहा), मोबाईल नंबर. दुसऱ्या हप्त्याला बाळाचा जन्मदाखला आणि लसीच्या नोंदी. नवऱ्याच्या आधारची सक्ती आता नाही. जन्मनोंदणी 21 दिवसांच्या आत करून टाका, नंतर लेट फी अन् अर्ज अन् काय काय. फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात, पोर्टलवर स्वतःही भरता येते. फॉर्मचे पैसे लागत नाहीत, कोणी मागत असंल तर देऊ नका. मुदत अशी की पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीपासून 570 दिवस, दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून 270 दिवस. दुसऱ्या खेपेची नोंद मात्र गरोदरपणातच करून ठेवा, मुलगी होते का मुलगा ते पाहून नाव टाकू म्हणाल तर अडकाल.

पैसे अडकायचं खरं कारण बहुतेक वेळा पात्रता नसतेच, नाव आणि खातं असते. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डात सासरचं, बँकेत तिसरंच. आधारवर जसं आहे तसंच्या तसं फॉर्मवर लिहा. आणि पैसे तुम्ही पासबुक दिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला शेवटी जे खातं जोडलं असंल त्यात जातात. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात पडतात तेच बहुतेक हे खातं. तेही नसंल तर पोस्टात जा, पोस्ट पेमेंट बँकेचं खातं अंगठ्यावर उघडून देतात आणि आधार जोडायचंही तिथंच सांगा.

एससी, एसटी किंवा बीपीएल असाल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये वेगळे मिळतात, ते मातृ वंदनातून कापत नाहीत.

राहिलं लेकरू अशक्त असल्याचं. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावतात, 12.5 सेंमीच्या वर हिरवं, 11.5 ते 12.5 पिवळं, 11.5 च्या खाली लाल म्हणजे अति कुपोषित. लाल आलं पण लेकरू खातेपिते, ताप नाही, सूज नाही तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात ठेवतात. भूकच नाही, पायावर सूज आहे, जुलाब-ताप आहे तर पोषण पुनर्वसन केंद्र, जिल्हा रुग्णालयात किंवा काही उपजिल्हा रुग्णालयांत, साधारण 14 दिवस, आई सोबत राहते, तिचं जेवण तिथंच आणि बुडीत मजुरीही मिळते. त्यासाठी आईचं आधार अन् खातं सोबत न्या. बाया जायला तयार नसतात, घरी दुसरं लेकरू, ढोरं, स्वयंपाक, अन् सोयाबीन काढणी आली असंल तर नवराच जाऊ देत नाही. त्या घरी आशाताईला एकटीला न पाठवता सरपंच किंवा पोलीस पाटलानं सोबत जावं, नवऱ्याशी त्यांनीच बोलावं.

अर्ज कुठं अडकला ते पाहायला मातृ वंदनाची हेल्पलाईन 14408 आहे. आहाराची तक्रार अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे, तिथं नाही झालं तर सीडीपीओकडे (बाल विकास प्रकल्प अधिकारी), लेखी, अन् पोच घेऊन.