चरबीच्या पेशीला शत्रू समजू नका

"तो तर एवढा काटकुळा, त्याला कसा काय डायबेटिस निघाला?" हा प्रश्न आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात कधी ना कधी विचारला जातो आणि मग कोणीतरी टेन्शन म्हणतं, कोणी आनुवंशिक म्हणतं, कोणी चहातल्या साखरेवर ढकलतं आणि विषय संपतो. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, तो नाकारत नाही. पण या प्रश्नात आपण एक गोष्ट धरूनच चाललेलो असतो, की चरबी म्हणजेच आजार, त्यामुळे जाड माणूस आजारी आणि बारीक माणूस सुरक्षित. हे अर्धवट आहे, आणि त्यामुळे बरीच माणसं गाफील राहतात म्हणून मला हे लिहावंसं वाटलं. चरबीच्या पेशीइतकी बदनाम पेशी शरीरात दुसरी नसेल, पण खरं तर ती आपल्याला वाचवत असते. त्रास सुरू होतो तो तिच्यातली जागा संपल्यावर.

आधी एका फोटोबद्दल सांगतो. 2004 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, 22.3, म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबाने दोघंही एकदम नॉर्मल. पण स्कॅन केल्यावर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. युडकिन मॅरेथॉन पळणारे होते, हेही त्यांनी तिथे प्रामाणिकपणे लिहिलंय. तरीसुद्धा एवढ्या एका फोटोने सगळ्या जगाला कळलं की बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी भरपूर असू शकते.

आता ही पेशी असते कशी ते बघू. बहुतेक पेशींमध्ये केंद्रक मध्ये असतं, आजूबाजूला बाकीचा पसारा. चरबीच्या पेशीत मात्र तेलाचा एकच मोठा थेंब सगळी जागा व्यापून बसलेला असतो आणि केंद्रक बिचारं कडेला चेपलेलं. हा थेंब ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे ग्लिसरॉलचा एक छोटा दांडा आणि त्याला लटकलेल्या फॅटी अ‍ॅसिडच्या तीन लांब शेपट्या. एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, पिठूळ पदार्थांत किंवा साखरेत 4. शिवाय चरबी साठवायला पाणी लागत नाही. ग्लायकोजेन, म्हणजे लिव्हर आणि स्नायूंमधला ग्लुकोजचा साठा, आपल्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी धरून बसतो, त्यामुळे तो जेमतेम 400-500 ग्रॅम ठेवता येतो, दोनेक हजार कॅलरी, एका दिवसाची बेगमी. याउलट 15 किलो चरबी असलेल्या साध्या माणसाच्या अंगावर लाखाच्या वर कॅलरी असतात. आजारपणात, दुष्काळात, बाळाला दूध पाजताना माणूस तगतो तो या साठ्यावर.

आपण खाल्लेलं तेल या थेंबापर्यंत पोचतं कसं, हा माझा फार आवडता भाग आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा तुम्ही बटाटेवडा खाल्ला. आतड्यात पित्त त्या तेलाचे बारीक बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचं एन्झाइम त्यातल्या शेपट्या तोडतं, मग ते तुकडे आतड्याच्या पेशीत शिरतात आणि तिथे गेल्यावर परत जोडले जातात! एवढं तोडून परत जोडायचं कशाला, तर आतड्याची भिंत अख्खं ट्रायग्लिसराइड आत घेऊच शकत नाही. जोडल्यावर त्याचे गोळे बनतात, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. भात-पोळीतलं ग्लुकोज आतड्यातून थेट लिव्हरकडे जातं, हे गोळे मात्र लिम्फच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या अशा पातळ द्रवाच्या नळ्यांमधून वर चढतात आणि पार मानेच्या खाली डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रक्तात उतरतात. म्हणजे तेलाला लिव्हरच्या आधी बाकीचं शरीर फिरायला मिळतं. तळलेलं भरपूर खाल्ल्यावर तीन-चार तासांनी रक्त काढलं तर त्याचा वरचा पाण्यासारखा भाग दुधाळ दिसू शकतो तो या गोळ्यांमुळेच, आणि ट्रायग्लिसराइडच्या टेस्टला बऱ्याचदा उपाशीपोटी बोलावतात त्याचंही कारण हेच.

हे गोळे चरबीच्या जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांत आले की तिथल्या भिंतीला चिकटलेलं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम परत शेपट्या तोडतं, आणि शेपट्या पेशीच्या आत. जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन चरबीजवळच्या या एन्झाइमचं काम वाढवतं आणि स्नायूंजवळचं कमी करतं, म्हणजे माल कुठे उतरवायचा ते इन्सुलिन सांगतं. आत गेल्यावर परत दांडा हवा. गंमत अशी की सुटलेलं ग्लिसरॉल परत वापरायचं एन्झाइम या पेशीत जवळपास नसतंच, त्यामुळे दांडा मुख्यतः ग्लुकोजपासून नवा बनवावा लागतो. वड्यातलं तेल आणि पावातलं ग्लुकोज दोघं मिळून तो थेंब मोठा करतात.

बाहेर पडायचा रस्ता वेगळा. थेंबाभोवती पेरिलिपिन नावाचं प्रोटीन राखणदारासारखं बसलेलं असतं. उपास, व्यायाम, भीती, यात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी हार्मोन्स येतात, पेरिलिपिन बाजूला होतं आणि तीन एन्झाइम्स एकामागून एक तीन शेपट्या सोडवतात (यातलं पहिलं, एटीजीएल, शास्त्रज्ञांना 2004 मध्ये सापडलं, इतकी ही माहिती नवी आहे). सुटलेल्या शेपट्या रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनवर बसून हृदयाकडे, स्नायूंकडे जातात आणि तिथे जळतात. इन्सुलिन हे दार बंद करतं, आणि त्यासाठी अगदी थोडं इन्सुलिन पुरतं, स्नायूत ग्लुकोज ढकलायला लागतं त्यापेक्षा खूपच कमी.

आणि जळलेली चरबी जाते कुठे? घामातून नाही, लघवीतून "टॉक्सिन" म्हणून पण नाही. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन यांनी याचा अणूअणूचा हिशेब मांडला, 10 किलो चरबी जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. त्यामुळे पोटाला बांधायचे घाम काढणारे पट्टे, चरबी वितळवणारे काढे, डिटॉक्स चहा हे सगळं विकत घेताना एवढाच प्रश्न विचारा की हे माझ्या पेशीतल्या कुठल्या दाराशी काय करतं? पट्ट्याने जे वजन उतरतं ते पाणी असतं, दोन ग्लास पाणी प्यायलात की परत आलं.

आता मुख्य मुद्दा. काही माणसं जन्मतःच चरबीच्या पेशी जवळपास नसलेली असतात, या दुर्मिळ आजाराला लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात. दिसायला ती पिळदार, शिरा उठून दिसणारी. चरबी वाईट असती तर यांच्याइतकं निरोगी कोणी नसतं. पण त्यांचं लिव्हर तेलाने गच्च भरतं, ट्रायग्लिसराइड भयंकर वाढतं आणि बऱ्याचदा किशोरवयातच कडक डायबेटिस होतो. 2000 साली अमेरिकेत अशाच बिनचरबीच्या उंदरांवर प्रयोग झाला, त्यांच्यात निरोगी उंदरांची चरबी बसवली, आणि डायबेटिस गेला! चरबी *घालून* डायबेटिस गेला. 2007 मध्ये फिलिप शेरर यांच्या गटाने याची दुसरी बाजू दाखवली, त्यांनी जनुकात बदल करून असे उंदीर केले की ज्यांच्या चरबीला वाढायला भरपूर मोकळीक होती. ते उंदीर भयंकर लठ्ठ झाले, नुसत्या लठ्ठ उंदरांपेक्षाही लठ्ठ, आणि त्यांची शुगर नॉर्मल.

माणसातही याचा पडताळा आहे. 2004 मध्ये 15 लठ्ठ बायकांच्या पोटावरची साधारण 10 किलो चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, काढली, शुगर-इन्सुलिनमध्ये काही फरक पडला नाही, कारण कातडीखालची चरबी गेली, लिव्हरमधली होती तिथेच राहिली. आणि पायोग्लिटाझोन हे डायबेटिसचं औषध नव्या चरबीच्या पेशी तयार करायला लावतं, पेशंटचं वजन वाढतं आणि शुगर उतरते. (हेच ते औषध ज्यावर आपल्याकडे 2013 मध्ये बंदी आली आणि काही आठवड्यांत धोक्याच्या सूचनेसकट उठली, त्याचे साइड इफेक्ट आहेत, ते डॉक्टरनेच ठरवायचं.)

म्हणजे ही पेशी घरातल्या कणगीसारखी आहे, कणगीत जागा आहे तोवर धान्य सुरक्षित, ती भरली की धान्य सांडतं आणि घरभर होतं. पेशी फार फुगली की तिला ऑक्सिजन पुरत नाही, काही पेशी मरतात, त्यांच्याभोवती सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जमतात, सूज येते, आणि मग इन्सुलिन असूनही बाहेरचं दार नीट बंद होत नाही. शेपट्या सारख्या गळत राहतात आणि लिव्हर, स्नायू, स्वादुपिंड यांच्यात जाऊन बसतात. लिव्हरमध्ये दोन शेपट्यांचं अर्धवट ट्रायग्लिसराइड, डायअसिलग्लिसरॉल, साठलं की ते पीकेसी-एप्सिलॉन नावाचं एन्झाइम चालू करतं आणि ते इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरलाच गप्प करतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जेराल्ड शुलमन यांचं हे काम, यावर अजून वाद आहेत पण मला हे स्पष्टीकरण सगळ्यात पटतं. गप्प झालं म्हणजे काय, तर लिव्हरला "आता ग्लुकोज बनवणं थांबव" हा इन्सुलिनचा निरोप ऐकूच येत नाही, ते रात्रभर ग्लुकोज बनवत बसतं आणि रात्री न जेवता झोपलात तरी सकाळची फास्टिंग शुगर वाढलेली दिसते.

मग आपली, म्हणजे भारतीयांची, कणगी लहान का? पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास टिकून. म्हणजे बारीक दिसणं आणि आत चरबी असणं हे जन्मापासूनच दिसतं. कॅनडातल्या 2011 च्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांच्या पोटावरच्या चरबीच्या पेशी आकाराने जास्त मोठ्या, जास्त भरलेल्या निघाल्या, लिव्हरमध्येही चरबी जास्त. शिवाय मोठेपणी पेशींची संख्या सहसा बदलत नाही. हे कळलं कसं तर अणुचाचण्यांमुळे! 1955 ते 1963 दरम्यानच्या स्फोटांनी हवेत कार्बन-14 (किरणोत्सारी कार्बन) वाढला, तो लोकांच्या डीएनएत गेला, त्यावरून स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये पेशींचं वय काढलं. दरवर्षी साधारण 10 टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरलं तरी संख्या तीच, फक्त पेशी रिकाम्या होतात. आणि रिकामं होणं हेच तर हवंय.

म्हणून आपल्यासाठी बीएमआय 25 ऐवजी 23 च्या पुढेच सावध व्हायला सांगतात आणि कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटर, बायकांची 80 च्या आत. मांड्यांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी, पोटातल्या अवयवांभोवतीचीच त्रासाची, तिचं रक्त सरळ लिव्हरकडे जातं.

खाण्याबद्दल थोडंसंच. चरबी खाल्लीच नाही तर चालत नाही, लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन फॅटी अ‍ॅसिड शरीराला बनवता येत नाहीत (दुसरं आपल्या जवसाच्या चटणीत भरपूर), आणि ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं चरबीबरोबरच शोषली जातात. पण कोणतं तेल, याने फरक पडतो. 2014 मध्ये स्वीडनमध्ये तरुण, सडपातळ लोकांना सात आठवडे जास्तीचे मफिन खायला दिले, काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफूल तेलाचे. वजन दोघांचंही सारखंच, साधारण 1.6 किलो वाढलं. पण पामतेलवाल्यांच्या लिव्हरमध्ये आणि पोटात चरबी जास्त साठली, सूर्यफूलवाल्यांचे स्नायू जास्त वाढले. फरसाण-बिस्किटांच्या पाकिटावर पामतेल किती वेळा दिसतं ते बघा. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. वरणभातावर चमचाभर साजूक तूप खुशाल घ्या, पण "तूप खाल्लं की चरबी वितळते" हे जे फॉरवर्ड फिरतं ते खोटं आहे, तुपात निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड फॅटच, म्हणजे पामतेलात असते तशी चरबी, असतं. आणि तेल सोडून साखर-मैदा वाढवला तर त्याचाही उपयोग नाही, जास्तीच्या साखरेपासून लिव्हर स्वतःच चरबी बनवतं, आणि ती नेमकी लिव्हरमध्येच बनते.

काटकुळ्या डायबेटिक माणसासाठी एक महत्त्वाचं काम इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी केलंय. ते म्हणतात प्रत्येकाची चरबी साठवायची आपली आपली मर्यादा असते, ती कोणाची 60 किलोला ओलांडली जाते, कोणाची 110 ला. त्यांनी टाइप 2 डायबेटिस असलेले, बीएमआय 27 च्या आतले 20 लोक घेतले आणि त्यांचं वजन 10-15 टक्के उतरवायचा कार्यक्रम केला. लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाली आणि 20 पैकी 14 जणांची शुगर औषधाशिवाय आटोक्यात आली. हा अभ्यास छोटा आहे, आणि बारीक दिसणाऱ्या प्रत्येकाचा डायबेटिस टाइप 2 असतोच असंही नाही, काहींना मुळात इन्सुलिनच कमी असतं, त्यांनी वजन उतरवणं धोक्याचं. त्यामुळे बारीक असून शुगर निघाली असेल तर पोटाची सोनोग्राफी करून लिव्हरमध्ये चरबी आहे का आणि शरीरात इन्सुलिन कितपत बनतंय, हे दोन प्रश्न आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारा, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करायच्या आधी विचारा, कारण डोस तोच ठेवून जेवण कमी केलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.